आरडी ३५०: चेंबर पाइप आणि पॉड फिल्टर लावल्यावर दोन्ही कार्ब कसे सेट करावेत?

पंचगंगा_३५०

नमस्कार मंडळी. राजदूत ३५०, म्हणजे यामाहा आरडी ३५० ची इथे बनलेली दोन सिलिंडरची टू स्ट्रोक, हाय टॉर्क मॉडेल. बोअर-पिस्टन ठीक, दोन्ही बाजूंचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं. बदल दोनच: मूळ सायलेन्सर काढून एक्स्पान्शन चेंबर (मधे फुगीर पाइप) लावले आणि एअर बॉक्स (मूळ फिल्टरचा डबा) काढून दोन पॉड (उघडे फिल्टर) बसवले. गाडीवर दोन मिकुनी व्हीएम२८ कार्ब (कार्बुरेटर) आहेत, आतलं सगळं जुनंच. मेन जेट १३०, पायलट जेट २५ (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं पितळी भोक), सुईची क्लिप वरून चौथ्या खाचेत, एअर स्क्रू दीड आटा.

लक्षणं अशी:
- साडेचार ते साडेपाच हजारांत गाडी बसते, भॉकभॉक करते. सहाच्या पुढे एकदम सुटते.
- फुल थ्रॉटल धरलं की थोड्या वेळाने जोर ओसरतो.
- स्लो (मूठ बंद असतानाच्या फेऱ्या) कधी एक हजार, कधी दोन हजार. एक्सलेटर सोडल्यावर रेस लगेच खाली येत नाही.
- डावा प्लग पांढरा, उजवा काळा आणि ओलसर. दोन्ही बी८एचएस.

मेन जेट कितीचा टाकू?

खटपट्या

पहिलं काम म्हणजे फुल थ्रॉटल बंद. चेंबर, पॉड आणि १३० चा मेन ही पिस्टन जाम व्हायची सोय आहे. थोड्या वेळाने जोर ओसरतो म्हणता ना, ती जाम होण्याच्या आधीची पायरी. पिस्टन तापून फुगतो आणि बोअरमध्ये घासायला लागतो.

थंपर_तात्या

बुलेट घ्या. एक कार्ब, एक प्लग, एक डोकेदुखी.

येझदीची_यमी

तात्या आले. आता दोन पानं बुलेटवर जाणार.

मिकुनीमास्तर

पंचगंगा, तुमच्या यादीतली तिसरी आणि चौथी ओळ वाचल्यावर मेन जेटचा आकडा सांगणं चुकीचं ठरेल. रेस खाली न येणं आणि एक प्लग पांढरा, दुसरा काळा, हे दोन्ही एकत्र दिसलं की जेटच्या आधी हवा कुठून घुसतेय ते बघायचं. जेट दोन्हीकडे सारखे, पाइप सारखे, फिल्टर सारखे. मग दोन सिलिंडर दोन दिशांना का गेले? याचं उत्तर मिळेपर्यंत जेट विकत घेऊ नका.

क्रम असा ठेवा:

१. टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते. ती पॉइंटवर असेल तर दोन्ही सिलिंडरचं वेगवेगळं बघायचं. प्लगच्या भोकात डायल गेज लावून टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या जागेच्या) आधी २.० मिमीला पॉइंट उघडले पाहिजेत. गॅप ०.३ ते ०.४ मिमी. एका बाजूचं टायमिंग पुढे असेल तर तो प्लगही तापलेला दिसतो आणि माणूस कार्बच्या मागे लागतो.

२. गळती. ही नुसत्या कानाने कळत नाही, प्रेशर टेस्ट करा. खाली लिहितो.

३. दोन्ही कार्बच्या स्लाईड (मूठ फिरवली की वर जाणाऱ्या झडपा) एकसारख्या उचलल्या जातात का.

४. फ्लोटची उंची, वाटीतला गाळ, कॉकमधून येणारं पेट्रोल.

५. मग जेट.

प्रेशर टेस्ट: दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट रबरी बुचांनी बंद. कार्ब काढून एका इनटेक रबरात बूच, दुसऱ्यात नळी जोडलेलं बूच. सायकलच्या पंपाने किंवा रक्तदाब मापायच्या रबरी फुग्याने ६ पीएसआय दाब भरायचा. त्याहून जास्त नाही, सील उलटेल. सहा मिनिटं बघायचं, मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. आरडीच्या क्रँकच्या मधलं सील लॅबिरिंथ प्रकारचं आहे, ते हवा पूर्ण अडवत नाही. म्हणून एकाच सिलिंडरची टेस्ट करून उपयोग नाही, दोन्ही बाजू एकदम बंद करूनच भरायचं. उतरत असेल तर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा: इनटेक रबर, रीड ब्लॉकचं (पाकळ्यांच्या झडपेचं) पॅकिंग, सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग, हेड, आणि अल्टरनेटर काढून डावं सील.

एअरस्क्रू

मास्तरांना +१. उजवा प्लग ओला आहे त्यासाठी गिअर ऑईलची पातळी बघा. आरडीत क्लच उजवीकडे. त्या बाजूचं क्रँक सील गेलं की इंजिन गिअर बॉक्सचं ऑईल ओढतं, उजव्या पाइपातून दाट पांढरा धूर येतो आणि प्लगला गिअर ऑईलचा जळका वास येतो. डावं सील गेलं तर ओढायला ऑईल नाही, नुसती हवा. म्हणजे डावा पांढरा, उजवा काळा. तुमचं वर्णन अगदी तसंच आहे.

खटपट्या

किंवा दुसरं कारण: पॉडचा रबरी गळा. व्हीएम कार्बच्या तोंडाशी मोठ्या भोकाच्या काठावर दोन बारीक वाटा असतात. एक पायलटची हवा, एक मेनची. सवंग पॉडचा गळा आतून जाड असतो, क्लॅम्प आवळला की त्या वाटांवर चढून बसतो. हवा बंद, मिश्रण घट्ट, प्लग काळा. पॉड काढून आतल्या रबरावर त्या भोकांचे ठसे उमटलेत का बघा. ठसा असेल तर रबर तिथे ब्लेडने उतरवायचं, किंवा तोंडाशी पायरी असलेला पॉड घ्यायचा.

नुसताच_वाचक

डावा-उजवा म्हणजे गाडीवर बसून की समोर उभं राहून?

मिकुनीमास्तर

बसून. कायम बसून.

प्रीमिक्स_पाटील

ऑईल पंप आहे की काढून टाकलाय? हे कुणीच विचारलं नाही. पंप काढून टाकीत मिसळत असाल तर प्रमाण सांगा. लिटरला ५० मिली म्हणजे २०:१, ४० मिली म्हणजे २५:१, ३३ मिली म्हणजे ३०:१. बरेच जण भीतीने ऑईल वाढवतात आणि गाडी आणखी लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) करतात. जेटमधून ठरावीक द्रव जातो, त्यात ऑईल जास्त तर पेट्रोल कमी. प्रमाण बदललं की जेटिंग बदललं. आधी प्रमाण पक्कं करा, मग जेट.

पंचगंगा_३५०

ऑटोल्यूब (ऑईल पंप) चालू आहे, टाकीत काही मिसळत नाही. गिअर ऑईलची पातळी बरोबर, धूर दोन्हीकडे सारखा. उजव्या पॉडच्या आत एक ठसा स्पष्ट दिसतोय, एअर स्क्रूच्या वाटेवरचा. डाव्यात नाही. प्रेशर टेस्टसाठी बुचं जमवतोय.

खटपट्या

चला, उजव्याचं निम्मं सुटलं.

मिकुनीमास्तर

ऑटोल्यूब चालू असेल तर तीन केबलचा मेळ घालावा लागतो: दोन कार्बच्या आणि एक पंपाची. मुठीकडून एक केबल येते आणि पुढे फाटे फुटतात.

पॉड काढून आधी दोन्ही स्लो स्क्रू मागे घ्या, स्लाईड पूर्ण खाली बसू द्या. केबलचा ढिला भाग दोन्हीकडे सारखा करा. आता दोन्ही तोंडांत एकेक बोट घालून स्लाईडच्या खाली टेकवा आणि दुसऱ्या हाताने मूठ अगदी हळू फिरवा. कुठली आधी उचलते ते बोटाला लगेच कळतं, डोळ्याला कळत नाही. केबलच्या ॲडजस्टरने दोन्ही एकाच क्षणी उचलतील असं करा. मग फुल थ्रॉटलला छोटा आरसा धरून बघा, दोन्ही स्लाईडची खालची कड भोकाच्या वर पूर्ण गेली पाहिजे. खाली एकदम उचलतात पण वर एक अडकते, असं झालं तर केबल वाकडी बसलीय किंवा टोपीतली स्प्रिंग तिरकी आहे.

पंप सगळ्यात शेवटी. पुलीवरची खूण आणि पिन कुठल्या थ्रॉटलला जुळायला हवी ते मॅन्युअलात आहे. कार्बची केबल हलवली की पंपाची पुन्हा बघायची. हे राहून गेलं तर कार्ब सुरेख, आणि पिस्टनला ऑईल कमी.

थंपर_तात्या

बुलेटवाल्यांसाठी दोन ओळी, यमीने रागावू नये. कास्ट आयर्न बुलेटला छोटा बॉटल सायलेन्सर लावला की एवढी उलथापालथ होत नाही. फोर स्ट्रोकला पाइपातल्या लाटेवर इतकं अवलंबून राहावं लागत नाही. मेन एक-दोन नंबर वर, सुई एक खाच वर, बहुतेक वेळा काम संपतं. एक्सलेटर सोडल्यावर फटाके वाजत असतील तर जेटला हात लावण्याआधी बेंड पाइप आणि हेडचा सांधा बघा. तिथून हवा आत जाऊन न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं.

येझदीची_यमी

रागावले नाही. कामाचं लिहिलंत म्हणून.

पण टू स्ट्रोकमध्ये चेंबरने एवढा फरक का पडतो ते कुणी तरी लिहा, म्हणजे नवे वाचक मेन जेटचा आकडा मागणं थांबवतील.

एअरस्क्रू

लिहितो. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची लाट पाइपात जाते. पाइप जिथे रुंद होत जातो तिथून उलटी, ओढणारी लाट परत येते. ती जळका वायू बाहेर खेचते आणि मागोमाग ट्रान्सफर पोर्टातून ताजं मिश्रणही खेचते, थोडं तर पाइपातच जातं. मग पाइप अरुंद होतो तिथून दाबणारी लाट परत येते आणि बाहेर गेलेलं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये ढकलते. हे सगळं वेळेत जुळलं तर सिलिंडरमध्ये नेहमीपेक्षा जास्त मिश्रण भरतं. पण लाटेचा वेग जवळजवळ ठरलेला आणि पाइपाची लांबीही ठरलेली. त्यामुळे हे ठरावीक आरपीएमलाच जुळतं. त्याच्या खाली दाबणारी लाट लवकर येते, भराई बिघडते. साडेचार-साडेपाचला बसते आणि सहाला सुटते, ते हेच.

म्हणजे दोन गोष्टी. वर हवा जास्त जाते म्हणून मेन मोठा लागतो. खाली, पाइपाच्या पट्ट्याबाहेर, लाट उलटसुलट होते आणि तीच हवा कार्बमधून परत बाहेर येऊन पुन्हा आत जाते. प्रत्येक फेरीत ती पेट्रोल उचलते. तिथे गाडी रिच (पेट्रोल जास्त) होते. मधला खड्डा दिसला की लोक लीन समजून सुई वर करतात आणि खड्डा खोल होतो.

आणखी एक. चेंबरच्या शेवटची बारीक नळी कुणी 'आवाज छान येतो' म्हणून आणखी बारीक केली असेल तर पाइपात दाब साठतो, पिस्टनचं डोकं तापतं. ते कुठल्याच जेटने बरं होत नाही.

लंबोदर

मग तो खड्डा लीन आहे की रिच हे ओळखायचं कसं?

एअरस्क्रू

गाडी खड्ड्यात असताना चोक थोडासा ओढा. सुधारली तर लीन. आणखी बसली तर रिच. आवाजही वेगळा: रिच असेल तर ठोके सोडत गुरगुरते, आपल्याकडे फोर-स्ट्रोक मारते म्हणतात. लीन असेल तर कोरडी, पोकळ, मुठीला उत्तर न देणारी.

मिकुनीमास्तर

आता कार्बचा कुठला भाग कुठे काम करतो. मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावा, स्विचच्या घरावर एक रेघ. बंद, पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. सगळं सेटिंग या खुणांवर चालतं. आरपीएम काट्यावर नाही. सहा हजार आरपीएम पाव थ्रॉटललाही असू शकतात आणि पूर्ण थ्रॉटललाही.

बंद ते पाव: पायलट जेट आणि एअर स्क्रू. व्हीएममध्ये हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो, म्हणजे हवा सोडतो. बाहेर काढला की लीन, आत घेतला की रिच. इंजिनाच्या बाजूला स्क्रू असलेल्या कार्बचं बरोबर उलटं.

पावाच्या अलीकडे-पलीकडे: स्लाईडचा कट. आकडा मिलिमीटरमध्ये, २.० पेक्षा २.५ लीन.

पाव ते पाऊण: सुई आणि ती ज्यात हलते तो नीडल जेट. क्लिप वरून मोजायची. क्लिप खाली सरकवली की सुई वर उचलली जाते, रिच.

पाऊण ते पूर्ण: मेन.

या हद्दी एकमेकींवर चढलेल्या असतात, रेघ मारून वेगळ्या नाहीत.

जुन्या कार्बमध्ये नीडल जेट हमखास झिजतो, विशेषतः बरीच वर्षं खडखडत चाललेल्या गाडीत. सुई एका बाजूला घासून भोक लांबट होतं आणि मधला भाग कायम रिच राहतो. क्लिप कितीही वर करा, सुधारत नाही. उजेडाकडे धरून भिंगातून बघा. त्यावर अक्षर-आकडा असतो: ओ-० म्हणजे २.६०० मिमी, ओ-२ म्हणजे २.६१०, पी-० म्हणजे २.६५०. एका अक्षरात ५ शतांश मिमीचा फरक, इंजिनाला भरपूर. दोन्ही कार्बमध्ये एकच खूण आहे ना, तेही बघा. जोडी म्हणून विकलेले कार्ब पुष्कळदा जोडीचे नसतात.

खटपट्या

आणि तारेने साफ केलेले जेट फेकून द्या. पितळ मऊ असतं, स्टीलची तार घातली की २५ चा पायलट किती नंबरचा झाला ते सांगता येत नाही. नायलॉनचा दोरा आणि कार्ब क्लीनर.

एअरस्क्रू

जेटचा क्रम: पायलट, मग सुई, मग मेन. गाडी नीट स्लो धरत नसेल तर वरचं काहीच तपासता येत नाही.

मिकुनीमास्तर

इथे माझी असहमती. मेन आधी. कारण दोन. पहिलं, टू स्ट्रोक मरतं ते मेनवर लीन असल्याने. सुरक्षित बाजू आधी पक्की करायची. दुसरं, सुईला मिळणारं पेट्रोल मेनमधून पुढे जातं. मेन बदलला की अर्ध्याच्या वरचं सुईचं वागणंही बदलतं. आधी सुई लावून नंतर मेन ४० नंबरने बदललात तर सुई पुन्हा.

एअरस्क्रू

पण पायलटही फुल थ्रॉटलला थोडं पेट्रोल देतच असतो. २५ चा ३० केलात की वरही थोडा फरक पडतो.

मिकुनीमास्तर

पडतो, पण एवढा नाही. तोडगा असा: पायलट ढोबळ लावा, गाडी स्लो धरेल इतपतच. मग मेन नीट, मग सुई, मग पुन्हा पायलट बारकाईने.

एअरस्क्रू

हे मान्य.

नुसताच_वाचक

पहिल्यांदाच या दोघांचं एकमत. धागा वाचनखुणांत साठवला.

पंचगंगा_३५०

प्रेशर टेस्ट झाली. ६ वरून एका मिनिटात २ वर. बुडबुडे डाव्या सीलला नाहीत, डाव्या इनटेक रबराच्या खालच्या वळणात आहेत. रबर सरळ असताना तडा दिसतच नाही. कार्बच्या जागी बूच धरून खाली दाबलं की उघडतो.

मिकुनीमास्तर

म्हणूनच एअर बॉक्स काढल्यावर हे सुरू झालं. मूळ गाडीत कार्बला मागून एअर बॉक्सच्या रबराचा आधार असतो. तो काढलात, वर पॉडचं वजन लटकवलंत. सगळा भार पुढच्या जुन्या कडक रबरावर. गाडी हादरली की तडा उघड-बंद, म्हणून स्लोही कधी हजार, कधी दोन हजार.

दोन्ही रबरं नवीन घ्या, एकच नको. बसवताना धातूचा पृष्ठभाग काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट करा. दोन्ही इनटेकना जोडणारी बारीक नळी असेल तर तीही नवीन. सिलिकॉन फासून जुनं रबर चालवू नका, पेट्रोलने सिलिकॉन फुगतं आणि तुकडा रीडमध्ये जातो. आणि कार्बच्या मागे आधाराची पट्टी द्या, किंवा दोन्ही कार्बना मिळून एकच मोठा फिल्टर असलेलं वाय आकाराचं रबर लावा. माझं मत विचाराल तर दुसरं. दोन पॉड मांडीजवळ उघड्यावर असतात, वाऱ्याचा झोत थेट तोंडावर येतो आणि बाजूचा वारा असला की सेटिंग हलतं.

रीड ब्लॉक बाहेर आलाच आहे तर पाकळ्या उजेडावर धरा. कोपरा तुटलेला नको, फट जेमतेम. पाकळी नीट बसत नसेल तर कार्बच्या तोंडाशी पेट्रोलचं धुकं उभं राहतं.

थंपर_तात्या

एवढ्या खर्चात जुना एअर बॉक्स परत बसवता आला असता, आणि गाडी बिनतक्रार चालली असती.

येझदीची_यमी

यावर मात्र मी तात्यांच्या बाजूने. चेंबर ठेवून एअर बॉक्स परत लावला, झाकणाला थोडी जास्त वाट दिली, तर निम्मी कटकट जाते. बॉक्समध्ये शांत हवा साठलेली असते, मधल्या आरपीएमला तिचा उपयोग होतो.

लंबोदर

आणि हायवेवर वेग वाढवायच्या आधी एवढंच सांगतो, राजदूतला पुढे ड्रम ब्रेक आहे.

प्रीमिक्स_पाटील

आवाजासाठी पोलीस पकडतील ते वेगळं. काढलेले सायलेन्सर रोड रोलरखाली घालतात, फोटो पेपरात येतो.

पंचगंगा_३५०

रबरं नवी, पॉडचा गळा उतरवला, आधाराची पट्टी दिली. आता ६ पीएसआय सहा मिनिटांत ५ च्या जरा वर. स्लो स्थिर. मेन कुठून सुरू करू? आणि प्लग कसा वाचायचा?

मिकुनीमास्तर

आता आकडा सांगता येईल. १३० वरून किमान पाच-सहा नंबर वर चढा, १८० किंवा १९०. फुल थ्रॉटलला गाडीने गुरगुरलं पाहिजे, ठोके सोडले पाहिजेत. तसं करत नसेल तर आणखी वर. तिथून दहा-दहाने खाली. गुरगुर थांबून गाडी स्वच्छ ओढायला लागली की थांबा आणि प्लग बघा. लीनकडून रिचकडे कधीही जायचं नाही, वाटेत पिस्टन जातो.

प्लग वाचायला नवीन प्लग लागतो, जुन्यावर जुन्या सेटिंगची काजळी असते. इंजिन गरम, रिकामा सरळ रस्ता, चौथा गिअर, मूठ पूर्ण. आठ-दहा सेकंद पूर्ण भाराखाली, मग एकाच वेळी किल स्विच आणि क्लच, मूठ बंद. गाडी गडगडत थांबू द्या. इंजिन चालवत गॅरेजपर्यंत आलात तर तुम्ही स्लोचा प्लग वाचताय, मेनचा नाही.

चिनी मातीच्या टोकाचा रंग बघून फसू नका. पोर्सेलिन आत जिथे धातूला भेटतं त्या बुडाशी काजळीची कडी बघायची. नीट दिसायला प्लगचे आटे करवतीने कापावे लागतात. बुडाशी बारीक तपकिरी कडी असेल तर ठीक. कडी नाहीच तर लीन. अर्ध्या उंचीपर्यंत काळं तर रिच. पोर्सेलिनवर बारीक चकाकणारे कण दिसले तर ते ॲल्युमिनियमचे, पिस्टनचे. त्या क्षणी थांबायचं आणि आधी टायमिंग बघायचं.

खटपट्या

मेन वाढवताय तर कॉकमधून तेवढं पेट्रोल येतं का तेही बघा. दोन्ही कार्बच्या नळ्या काढून बाटलीत सोडा, घड्याळ लावून. फुल थ्रॉटलला या इंजिनाला मिनिटाला २५० ते ३०० मिली सहज लागतं, तेव्हा दोन्ही मिळून ४०० तरी यायला हवं. पाच रुपयांचा कागदी फिल्टर नळीत घातला की ते निम्म्यावर येतं. वाट्या रिकाम्या होतात, गाडी दहा सेकंदांनी लीन होते, आणि माणूस म्हणतो जेट लहान पडला.

लंबोदर

ई२० चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय? सगळीकडे तेच मिळतंय.

प्रीमिक्स_पाटील

त्याने गाडी लीन होते, सरळ हिशेब आहे. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण साधारण १४.७, वीस टक्के इथेनॉलला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. १३० च्या जागी १४० टाकण्याएवढा फरक. जुन्या मॅन्युअलातले जेट शुद्ध पेट्रोलचे, ते जसेच्या तसे घेऊ नका. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाट्या रिकाम्या करा, नाहीतर पांढरी बुरशीसारखी पूड जमून सगळ्यात आधी पायलट बंद. टाकीत मिसळणाऱ्यांनी कॅस्टरचं ऑईल इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये टिकतं का ते काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून बघावं.

एअरस्क्रू

थंडी-उंचीचंही लिहून ठेवतो. मे महिन्यात भर दुपारी ४० अंशांना लावलेला मेन डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना पाचेक टक्के लीन पडतो. म्हणून उन्हाळ्यात अगदी काठावर सेट करू नका, एक नंबर वरच राहू द्या. महाबळेश्वरला उलट, साधारण १३५० मीटरवर हवा विरळ, गाडी पाच-सहा टक्के रिच. तिथे गुरगुरली तर जेट बदलू नका, खाली आल्यावर पस्तावाल.

घाट उतरताना दुसरा धोका. मूठ बंद, इंजिन गिअरमध्ये जोरात फिरतंय, टाकीत मिसळलेलं ऑईल असेल तर पेट्रोलबरोबर तेही बंद. मधूनमधून क्लच दाबून मूठ थोडी उघडायची. ऑटोल्यूबवाल्यांना धोका कमी, कारण पंप इंजिनाच्या फेऱ्यांवरही चालतो.

पंचगंगा_३५०

सध्या: मेन १७०, दोन्ही प्लगच्या बुडाशी बारीक कडी, दोन्ही सारखे. पायलट ३०. सहाच्या पुढे स्वच्छ. पण साडेचार-पाचला अजून बसते, आधीपेक्षा कमी. चोक ओढला की आणखी बसते. एअर स्क्रू पाऊण आट्यावर सगळ्यात चांगला लागतो.

एअरस्क्रू

चोकने आणखी बसते म्हणजे रिच. सुई चौथ्या खाचेत आहे, क्लिप तिसऱ्यात घ्या, सुई खाली. मग पुन्हा चोकची परीक्षा.

एअर स्क्रू पाऊणवर म्हणजे पायलट अजून लहान आहे. एक ते दोनच्या मध्ये कुठेतरी गाडी खूश असली पाहिजे. एकाच्या आत गेला तर पायलट एक नंबर मोठा, अडीचच्या बाहेर गेला तर एक लहान. ३५ टाकून बघा.

मिकुनीमास्तर

सुईला हात लावण्याआधी त्या भागात थ्रॉटल किती उघडं असतं ते पट्टीवर बघा. तुमचा खड्डा पाव थ्रॉटललाच असेल तर सुईपेक्षा स्लाईडचा कट आणि पायलट. अर्ध्यावर असेल तर सुई.

पंचगंगा_३५०

अर्ध्याच्या थोडं आधी. क्लिप तिसऱ्या खाचेत घेतली, पायलट ३५. एअर स्क्रू दोन्हीकडे सव्वा आटा. खड्डा आता खड्डा राहिला नाही, थोडी मरगळ आहे, पाइपाच्या पट्ट्यात शिरेपर्यंत.

एअरस्क्रू

ती मरगळ पाइपाची आहे, कार्बची नाही. ती घालवायला निघालात तर अर्ध्या थ्रॉटलला लीन कराल. तिथे सोडा. साडेपाचच्या वर ठेवून गिअर टाका, त्यासाठी सहा गिअर दिलेत.

खटपट्या

हजार किलोमीटरनंतर इनटेकचे क्लॅम्प पुन्हा आवळा, नवं रबर बसतं. आणि प्रेशर टेस्टची बुचं फेकू नका.

लंबोदर

पावसाळ्यात पॉडचं काय करायचं? पाणी ओढतील ना?

येझदीची_यमी

ओढतात. पॉडवर चढवायचे कापडी मोजे मिळतात, पण भिजले की तेच हवा अडवतात आणि गाडी रिच होते. कापूस-जाळीचा फिल्टर असेल तर त्याला तेल हवंच, जास्त झालं तर तेही अडवतं. जून ते सप्टेंबर एअर बॉक्स लावा, मेन दोन-तीन नंबर खाली, पण आधी गुरगुरतेय ना हे बघून. जेटची पुडी टूलबॉक्समध्येच ठेवा, कागदावर तारीख आणि सेटिंग लिहून.

थंपर_तात्या

म्हणजे शेवटी एअर बॉक्सच.

पंचगंगा_३५०

तात्या, चार महिनेच.